छायाचित्रांची अडत : घरबसल्या करावयाचा एक जोडधंदा

दुकानातील माल एकदा गिऱ्हाइकाच्या हाती गेला की तो पुन्हा विकता येत नाही. त्याच्या जागी नवा माल भरावा लागतो. परंतु असाही एक व्यवहार आहे, की ज्यात एकच वस्तू शंभर गिऱ्हाइकांना विकली तरी ती मूळ धन्याच्या घरीच राहते. छायाचित्राच्या वापराचा परवाना विकणे, हा तो व्यवहार होय. आज आपल्या बालाघाट जिल्ह्यातील घराघरांत उत्तम कॅमेऱ्याचे मोबाईल आले आहेत, आणि फोटो काढून घरबसल्या पैसे मिळवा, अशा जाहिराती तरुण मुलामुलींच्या दृष्टीस रोज पडतात. या धंद्यात तथ्य किती व भूल किती, याचा हिशेब व्यापारी दृष्टीने मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, जाहिरात कंपन्या, बँका यांना नित्य चित्रे लागतात. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठविणे परवडत नाही, म्हणून तयार चित्रांच्या संग्रहातून ते हवे ते निवडतात. असे संग्रह पूर्वीही होते. मुंबईत जगदीश अग्रवाल यांनी १९८७ साली ‘दिनोदिया’ हा संग्रह उभा केला. त्या काळी फिल्मा कपाटांत जपाव्या लागत आणि गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष पाठवाव्या लागत. इंटरनेटने ही अडचण दूर केली. कॅनडात २००० साली ‘आयस्टॉकफोटो’ निघाली. न्यूयॉर्कमध्ये २००३ साली जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० चित्रांच्या भांडवलावर ‘शटरस्टॉक’ सुरू केली. २०१५ च्या आरंभी अ‍ॅडोबी कंपनीने ‘फोटोलिया’ विकत घेऊन ‘अ‍ॅडोबी स्टॉक’चा पाया घातला. आपल्या देशात संदीप माहेश्वरी यांनी २००६ साली ‘इमेजेसबझार’ काढून केवळ भारतीय जीवनाच्या चित्रांची पेढी चालवून दाखविली.

या सर्व पेढ्या म्हणजे चित्रांचे अडतेच होत. छायाचित्रकार आपला माल त्यांच्या वखारीत ठेवतो. गिऱ्हाईक आणणे, पैसे वसूल करणे ही कामे अडत्याची. मात्र धान्याच्या बाजारात अडत शेकडा चार-दोन रुपये असते, तर येथे अडत्याच मोठा वाटा ठेवतो. अ‍ॅडोबी स्टॉक चित्राच्या विक्रीतून छायाचित्रकारास ३३ टक्के देते. शटरस्टॉकने २०२० च्या जूनपासून १५ ते ४० टक्के अशा पायऱ्या ठरविल्या असून दर १ जानेवारीस प्रत्येकास पुन्हा खालच्या पायरीपासून चढावे लागते. मासिक वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकाने चित्र घेतल्यास शटरस्टॉकवर १० सेंटही पदरी पडू शकतात. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर ही रक्कम साडेआठ रुपये होते.

आता वहीतला हिशेब पाहावा. समजा, ६०,००० रुपयांचा कॅमेरा घेतला आणि प्रत्येक विक्रीमागे सरासरी २० रुपये मिळाले. तर केवळ कॅमेऱ्याची किंमत वसूल होण्यास ३,००० विक्री व्हाव्या लागतील. प्रवास, वीज व वेळ यांचा खर्च निराळाच. म्हणून या धंद्यासाठी कर्ज काढून भांडवल घालू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. घरी असलेल्या साधनांवर आरंभ करावा. चाळीस लाख बिंदूंचे, म्हणजे चार मेगापिक्सेलचे चित्र या दोन्ही पेढ्या स्वीकारतात, आणि आजचा साधा मोबाईलही ही अट पुरी करतो. एकच चित्र अनेक पेढ्यांकडे ठेवता येते. मात्र एखाद्या पेढीशी केवळ तिच्याकडेच चित्रे देण्याचा करार केला असेल, तर ही मुभा राहत नाही.

मग विकते काय? गुलाबाचे फूल, सूर्यास्त, नाण्यांची रास यांनी वखारी तुडुंब भरल्या आहेत. शिवाय २०२२ पासून यंत्रबुद्धीने चित्रे तयार करण्याची सोय सर्वांना खुली झाल्यामुळे अशा सर्वसामान्य चित्रांची गरज यंत्रच भागवू लागले आहे. परंतु जे प्रत्यक्ष घडले त्याचे प्रमाण यंत्र देऊ शकत नाही. कान्ह्याच्या वाघाची चित्रे उदंड आहेत. पण २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चिन्नोर तांदळाची रोवणी, मळणी व गिरणीतील भरडाई यांची क्रमवार चित्रे किती निघतील? वारासिवनीचे हातमाग, तेंदूपत्त्याच्या फडावरील पुड्यांची मोजदाद, बांबूचे काम, पुराच्या दिवसांतील वैनगंगा, हा आपला माल होय. तो मुंबईच्या छायाचित्रकारास सहज मिळणार नाही; आपल्या अंगणात तो आहे. प्रत्येक चित्राबरोबर स्थळ, पिकाचे वा वस्तूचे नेमके नाव आणि शोधास उपयोगी पडणारे इंग्रजी शब्द द्यावेत. नावावाचून ठेवलेला माल वखारीत असूनही नसल्यासारखाच.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणे या धंद्यात फार महाग पडते. ज्याचा चेहरा ओळखू येतो अशा व्यक्तीचे चित्र जाहिरातीसाठी विकावयाचे असल्यास तिची लेखी संमती पेढी मागते. अल्पवयीन मुलासाठी पालकाची सही लागते. शेतात राबणाऱ्या बाईस या कागदाचा अर्थ तिच्या भाषेत समजावून सांगावा, व मगच सही घ्यावी. न दिलेले घेऊ नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून मिळते. चेहऱ्यालाही ती लागू आहे. दुकानांच्या पाट्या व कंपन्यांची चिन्हे दिसत असतील, तर ते चित्र केवळ वृत्तविषयक वापरासाठीच चालते. भरवेलीची मँगनीज खाण किंवा मलाजखंडची तांब्याची खाण येथे परवानगीवाचून कॅमेरा नेऊ नये.

मालकीचा नियमही ध्यानी असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साधारणतः चित्र काढणारा हाच त्याचा पहिला मालक असतो. पण कोणी मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राची मालकी, विरुद्ध करार नसल्यास, मोबदला देणाराकडे जाते. तेव्हा लग्नसमारंभाची चित्रे फोटो स्टुडिओवाल्याने परस्पर विकू नयेत, आणि आपणही पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्रांवरचा आपला हक्क ओळखावा.

कर व सावधगिरी यांविषयी दोन शब्द. अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तेथील सरकार ३० टक्के कर कापते. भारताचे रहिवासी असल्याचा फॉर्म पेढीकडे भरून दिल्यास उभय देशांतील करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो. हे उत्पन्न आपल्या आयकर विवरणात दाखवावे, व तिकडे कापलेल्या कराची वजावट आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावी. वर सांगितलेल्या परदेशी पेढ्या चित्रे स्वीकारण्यासाठी प्रवेश शुल्क मागत नाहीत. जो आधी पैसे मागेल त्याच्यापासून दूर राहावे.

आणखी एक गोष्ट पेढीच्या अटींत पाहावी. अ‍ॅडोबीने २०२३ साली आणलेले ‘फायरफ्लाय’ हे चित्रे रचणारे यंत्र तिच्याच वखारीतील चित्रांवर शिकविलेले आहे. चित्रकारांना त्याबद्दल काही रक्कमही देण्यात आली. गेटी व शटरस्टॉक या दोन बड्या पेढ्यांनी एकत्र येण्याचा मनोदय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला. अडते जितके थोडे, तितकी लहान पुरवठादाराची घासाघीस दुबळी, हे मंडईत उभे राहणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

सारांश, हा धंदा घरसंसार चालविणारा नव्हे, परंतु शिकणाऱ्या मुलास पुस्तकांचा खर्च, घरातील भगिनीस स्वतःच्या नावाचे खाते आणि आपल्या मुलखास जगाच्या चित्रसंग्रहात जागा मिळवून देणारा आहे. दिवाळीच्या वहीपूजनास घरातील तरुणांसाठी एक निराळे पान उघडावे, त्यावर वर्षभरातील चित्रांची संख्या, खर्च व जमा नेमाने लिहावी, आणि वर्षाअखेरीस आकडे पाहूनच पुढील पाऊल टाकावे.