थंड वायू आणि दोन जादा मिती

लिथियम-६ चे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन त्यांना सुमारे ८३२ गॉसचे चुंबकीय क्षेत्र लावले, की अणूंमधली ओढ क्वांटम नियमांच्या कमाल मर्यादेला पोहोचते. अशा वायूत अंतरे दुप्पट आणि काळ चौपट केला, तरी समीकरणे बदलत नाहीत. सापेक्षतावादी सिद्धांतांत अवकाश व काळ एकाच पटीने ताणले जातात. इथे तसे होत नाही. समीकरणे जशीच्या तशी ठेवणाऱ्या अशा बदलांना सममिती म्हणतात आणि या सममितींच्या समूहाला श्रोडिंगर समूह. १९७२ मध्ये हेगन आणि नीडरर यांनी तो मांडला. त्याचे फळ अगदी ठोस आहे: वायूला धरून ठेवणाऱ्या गोल सापळ्यात तो ज्या वारंवारतेने फुगतो-आकसतो, ती वारंवारता सापळ्याच्या वारंवारतेच्या बरोबर दुप्पट असते.

१९९७ मध्ये माल्डासेना यांनी क्वांटम सिद्धांताची सांगड एक मिती जास्त असलेल्या गुरुत्वाकर्षणाशी घातली. २००८ मध्ये सोन यांनी, तसेच बालसुब्रमण्यम व मॅकग्रीव्ही यांनी, त्याच धर्तीवर श्रोडिंगर सममितीला साजेशी गुरुत्वाच्या बाजूची भूमिती दाखवली. इथे मात्र दोन जादा मिती लागतात. पहिली मोजमापाचा पल्ला दाखवते. दुसरी अधिक विलक्षण: तिच्या दिशेने असलेला संवेग म्हणजेच कणांची संख्या, आणि ती संख्या पूर्णांकात यावी म्हणून ही मिती वर्तुळासारखी गुंडाळावी लागते. प्रयोगशाळेतल्या लिथियम वायूचा नेमका गुरुत्वीय जोडीदार अजून सापडलेला नाही.