बारा थेंब

सकाळी 8.50. पर्वती पायथ्याहून आलेली बस त्याला शनिवारवाड्याला सोडते. तिकीट 10 रुपये. तिथून तपकीर गल्लीपर्यंत पायी. पोरगा काठी गावचा, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाचा. आयटीआयला वायरमन केलं, मग पुण्यात आला. आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती नंदुरबार स्टेशनात. आता तिच्या 1:87 मापाच्या पिल्लांना धूर आणून देतो.

9.15. शटर वर. उदबत्ती. दुकान मुळात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं, आगगाड्या मागाहून आल्या. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून उघडं आहे. ते पाहून घरी रूळ मांडणारे बरेच, आणि मांडलं की काहीतरी बंद पडतंच. टेबलावर सोल्डरिंग, मीटर, चिमटा, कापूस, आणि औषधाच्या दुकानातली इन्शुलिनची सिरिंज. धुराच्या कामात सगळ्यात जास्त चालते ती सिरिंजच.

9.40. पहिला डबा म्हणजे खरं तर इंजिन. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘धूर नाही, तेल भरपूर घातलं.’ तो ‘भरपूर’वर बोट ठेवतो. चिमणीत जर्मन बनावटीची, सॉइथे कंपनीची धुराची नळी आहे. तिच्या आत अजून एक बारीक नळी, तिच्याभोवती तापणारी तार. तेल उकळतं, बारीक नळीतून फेकलं जातं, बाहेरच्या हवेत गार होऊन पांढरं दिसतं. तेल त्या बारीक नळीच्या तोंडावर चढलं, की ते नुसतं कोमट होऊन बसतं. मीटर लावला, तार शाबूत. सिरिंजने तेल उपसलं, उरलेलं कापसाच्या वातीने टिपलं. 12 व्होल्ट दिले आणि हात मांडीवर ठेवून बसला.

एक मिनिट गेलं. मग धूर.

गिऱ्हाइकाकडून 150, त्यातले त्याचे 60. महिन्याचा पगार साडेसहा हजार, हे वरचे.

10.30. दुसरी नळी वाईट आहे. कुणीतरी खोबरेल घातलंय. गाडी धावली असेल एक दिवस, मग तेल जळून आत डिंकासारखं चिकटलं. केसाएवढी तार घालून तो आतली नळी मोकळी करतो. जोर लावला तर तापणारी तार तुटणार, नळी कचऱ्यात. पाऊण तास लागतो. याचेही 60 च. काळवंडलेला कापूस बाजूला साठत जातो.

11.30. आजचं मोठं काम. अमेरिकेतल्या मुलाने वडिलांना पाठवलेला गार्डाचा डबा, ओ मापाचा, म्हणजे 1:87 हून मोठा, चांगला वीतभर. छपरावर गार्डाच्या शेगडीची चिमणी. धूर तिच्यातून यायला हवा. यायचा, आता येत नाही. खाली चार स्क्रू. कवच प्लॅस्टिकचं, म्हणून तो आधी कडा हलक्या सोडवतो. आत छोटी पेटी, तीत रेझिस्टर, त्यावर काचतंतूंची लोकर, बाजूला बोटाच्या पेराएवढा पंखा. लोकर काळी ठिक्कर.

“सुका चालवला,” तो म्हणतो. “तेल संपलं तरी वीज चालूच.”

मीटर अनंत दाखवतो. रेझिस्टर गेला.

12.20. गल्लीतच 27 ओहमचा, तारगुंडाळीचा, 5 वॉटचा रेझिस्टर मिळाला. 8 रुपये. दुकानदाराने 10 ओहमचाही पुढे केला, “हा जास्त तापेल, धूर दाट येईल.” याने घेतला नाही. 9 व्होल्टवर 27 ओहम म्हणजे 3 वॉट. 10 ओहम म्हणजे 8 वॉट, आणि छप्पर प्लॅस्टिकचं. पंख्याच्या दांड्याला लांब केस गुंडाळलेला होता, तो चिमट्याने काढला.

1.30. डबा. ज्वारीची भाकरी, घरून आलेला आमचूर घातलेली डाळ, सुकी मिरची. दहा मिनिटांत जेवण, वीस मिनिटं आडवा.

2.15. सोल्डर. नवी लोकर बोटाने चुरून सैल करून घालतो. दाबून भरली तर तेल शोषणार, पण वाफ वर यायला वाट नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मग सिरिंज. एक, दोन, तीन, मोठ्याने मोजतो. बारा थेंब. बाटली परदेशी, महाग. मालक तिच्यावर पातळीची रेघ मारून ठेवतो.

3.10. रुळावर डबा. पंखा गुणगुणतो, चिमणीतून काही नाही. तो काहीच करत नाही. मी दोनदा विचारलं, अजून दोन थेंब घालायचे का. मान हलवली. तेल लोकरीत मुरायला वेळ लागतो आणि बहुतेक डबे याच वेळेत बिघडवले जातात, असं तो म्हणतो. या बसण्याला दर नाही. दर वस्तूला आहे.

3.25. धूर आला. सडपातळ, सरळ. डबा फिरत राहिला. दुकानात धुराचा तेलकट वास भरला. त्याने शटर पुरं वर केलं, पंखा बाहेर तोंड करून लावला. दिवसभर हा वास घेतला की डोकं जड होतं, म्हणून गाडी चालू असताना तो दारात बसतो. समोरच्या दुकानातली दोन पोरं येऊन उभी राहिली. त्यांच्यासाठी त्याने आणखी दोन फेऱ्या फिरवल्या.

6.40. सत्तरीचे काका डबा न्यायला आले. 450 रुपये. “अजून दाट नाही का होणार?” काका विचारतात.

“होईल काका. मग छप्पर वितळेल.”

पावतीच्या मागे तो मोठ्या अक्षरात लिहून देतो: 12 थेंब. 10 मिनिटं थांबा. धूर थांबला की वीज बंद. काका चष्मा वर करून तिथेच दोनदा वाचतात.

7.30. हिशेब. 60, 60 आणि 180. तीनशे. मालक वहीत लिहितो. मग पोरगा होळीचा विषय काढतो. काठीची राजवाडी होळी, यंदा धाकटा भाऊ बुध्या होणार आहे, म्हणजे अंग रंगवून होळीत नाचणार, मानता आहे, नवस.

“किती दिवस?”

“सहा. जायला यायलाच दोन जातात, दादा.”

“पाच घे. पगार कापेन, वरचं काम नाही.”

“अ‍ॅडव्हान्स दोन हजार?”

मालक दीड हजार म्हणतो. तो हो म्हणतो, आणि उद्याच्या इंजिनाची चिठ्ठी वाचायला घेतो. तिच्यावरही ‘तेल भरपूर घातलं’ असंच आहे.