बीपी नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांतली माणसं आज इथे आहेत. वेळ थोडा आहे, म्हणून थेट विषयाला हात घालतो. ब्लडप्रेशरच्या पेशंटकडून डॉक्टरांना नेहमी ऐकू येणारं वाक्य कोणतं? 'डॉक्टर, बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली.' आज बोलायचंय ते याच वाक्याबद्दल.

आधी आकडे समजून घेऊ. हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्तवाहिन्यांवर जो दाब येतो तो वरचा आकडा, आणि हृदय सैल पडतं तेव्हाचा खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. आत मात्र मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान चालूच असतं. त्यामुळे 'मला काही होत नाही' यावर विसंबून राहता येत नाही.

एके काळी यावर धड औषधच नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता. १९४५ साली मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. एवढ्या मोठ्या देशाच्या प्रमुखालाही देण्यासारखी चांगली गोळी डॉक्टरांकडे नव्हती. पुढे १९४९ मध्ये आपल्या मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवर अभ्यास करून ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. आज सर्पगंधा मागे पडली आहे, कारण तिच्याहून सुरक्षित आणि स्वस्त गोळ्या आल्या. तेव्हा स्वतःच्या मनाने मुळ्या-पावडरी घेऊ नका.

आता या गोळ्या करतात काय? अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाला अडवते. क्लोरथॅलिडोन जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढते. यातली एकही गोळी आजार मुळापासून काढत नाही. ती दाब आटोक्यात ठेवते, तेही घेत असाल तोपर्यंतच. पावसात छत्री धरली की आपण भिजत नाही. म्हणून पाऊस थांबला असं आपण म्हणतो का? नॉर्मल आलेला आकडा बहुतेक वेळा त्या छत्रीमुळेच असतो.

'मग जन्मभर घ्यायची?' बहुतेकांना, हो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर काहींचा डोस कमी होतो, क्वचित गोळी सुटतेही. पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. गोळीची सवय लागत नाही. पायाला सूज आली, कोरडा खोकला लागला, तर गोळी बदलून मिळते. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, तर आधीच सांगा; काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत. आणि वरचा आकडा नुसता १० ने उतरला, तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो. एका छोट्या गोळीकडून आणखी काय हवं?

गोळी घेतली म्हणजे बाकी सगळं माफ, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही नाही. आपल्याकडे पाहुणा आला की सिंधी घरात पापड पुढे येतो, मराठी घरात लोणचं, सांडगे, कुरडया असतात, आणि स्टेशनबाहेर वडापाव आहेच. सण सोडा असं मी म्हणत नाही. रोजच्या ताटातला पापड आणि वरून घेतलेलं मीठ तेवढं सोडा. तंबाखू, मिश्री, विडी बंद. दारू जितकी कमी तितकी बरी. रोज अर्धा तास भरभर चाला. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका, त्यांतल्या काही रक्तदाब वाढवतात.

ज्यांना पहाटेची लोकल गाठायची असते, त्यांची गोळी धावपळीत राहून जाते. मग जेवणाची किंवा दात घासण्याची वेळ तिच्याशी बांधून टाका. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणा.

मोजतानाही घाई नको. पुलाचे जिने चढून आल्या आल्या मोजलेला आकडा खरा नसतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि बोलू नका. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. आकडा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एकच. अचानक तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखायला लागलं, तर बीपी मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. आणि तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने आपला आकडा जाणून घ्या. सरकारी दवाखान्यात तो मोफत मोजतात. आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या गोळ्यांचं पाकीट बघा आणि किती गोळ्या उरल्यात ते मोजा. हिशेब जुळला नाही तर रागावू नका. का राहिल्या ते विचारा.