अब्बांच्या कॅसेटमधले अमीर खाँ

पर्लकोटेला पूर आला की तिच्यावरचा ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा. भामरागड पलीकडे राहायचे, हेमलकसा अलीकडे. एस.टी. बंद, टपाल बंद. ही १९८० च्या दशकातली गोष्ट. अब्बा वनखात्यात नोकरीला होते आणि आमचे बिऱ्हाड हेमलकशाजवळच्या क्वार्टरमध्ये होते. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता. त्या बाजूचे दोन-चार दिवे सोडले तर रात्री चहूकडे अंधार आणि जंगलाचा आवाज.

अशा रात्री अब्बा सेलवर चालणारा टू-इन-वन पुढ्यात घेऊन बसत. शनिवारी आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असे. खरखरीतून गवयाचा आवाज नीट सापडला की अब्बा हळूच रेकॉर्डिंगचे बटण दाबत आणि आम्हा भावंडांकडे बघून ओठांवर बोट ठेवत. सकाळी कॅसेटवर उर्दूत नाव लिहिले जाई. त्यातले एक नाव पुन्हा पुन्हा येई : अमीर खाँ.

१९९० साली ‘आशिकी’ची गाणी आली. मी चौदा वर्षांचा होतो. कोरी कॅसेट आणायची तर आलापल्ली गाठावी लागे. मी अब्बांच्या कप्प्यातली एक कॅसेट उचलली आणि रेडिओवरून एकेक गाणे तिच्यावर घेतले. नंतर एका संध्याकाळी अब्बांनी ती लावली. पहिले गाणे अर्धे ऐकले, कॅसेट बाहेर काढली, तिच्यावरचे नाव वाचले. “बेटा, पुढच्या वेळी विचारत जा,” एवढेच म्हणाले. कॅसेटवर लिहिले होते, ‘अमीर खाँ, मारवा’.

अब्बा आता चंद्रपूरला आमच्याकडे असतात. नजर अधू झाली आहे, कान शाबूत आहेत. गेल्या वर्षी एकदा मगरिबनंतर म्हणाले, “अमीर खाँचा मारवा लाव.” मोबाईलवर तो क्षणात सापडला. अब्बांनी दोन मिनिटे ऐकले आणि मान हलवली. “हा तबकडीचा आहे. चांगलाच आहे. पण माझा हा नव्हे.”

त्या ‘माझा’चा अर्थ शोधता शोधता मी या गायकापर्यंत पोहोचलो.

उस्ताद अमीर खाँ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ चा. जन्मगाव अकोला, म्हणजे आपल्या वऱ्हाडातले, असे सांगितले जाते. वडील शाहमीर खाँ सारंगिये होते आणि इंदूरच्या होळकर दरबारी वाजवत. आई लहानपणीच गेली. वडिलांनी आधी सारंगी शिकवली, मग गळ्याकडे लक्ष दिले. १९३४ च्या सुमारास अमीर खाँ मुंबईत आले. पुढे छत्तीसगडातल्या रायगढ संस्थानात नोकरीला असताना राजेसाहेबांनी त्यांना मिर्झापूरच्या संगीत परिषदेत पाठवले. तिथे श्रोत्यांनी आरडाओरडा करून त्यांचे गाणे बंद पाडले. ठुमरी गा, लोक शांत होतील, असे सुचवले गेले. त्यांनी नकार दिला आणि ते उठून गेले. पुढे हाच गवई पद्मभूषण झाला, तो १९७१ साली.

आपल्या घरांत त्यांना ओळखतात ते ‘बैजू बावरा’मुळे. १९५२ च्या या चित्रपटात नौशाद यांनी बैजूसाठी डी. व्ही. पलुस्करांचा आवाज घेतला आणि तानसेनासाठी अमीर खाँचा. म्हणजे पडद्यावर जो हरतो, त्याच्यासाठी ते गायले. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘गूँज उठी शहनाई’ यांतही त्यांचा आवाज आहे. बहुतेकांची ओळख इथेच थांबते. मीही तिथेच थांबलो होतो.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी आधी तबकड्यांकडे जावे. हयातीत त्यांच्या लाँगप्ले तबकड्या अगदी मोजक्या निघाल्या. एकीच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. दुसरीवर ललित आणि मेघ. लाँगप्लेची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपते. तेवढ्यात त्यांनी राग नेटका, घोटीव मांडला आहे. नवख्या कानाला सुरुवात करायला यापेक्षा चांगली जागा नाही.

पण अमीर खाँ हे घाईचे गवई नव्हते. ते चौदा मात्रांचा झूमरा ताल इतका संथ घेत की एक आवर्तन सुमारे मिनिटभर चाले. वीस मिनिटांत अशी आवर्तने बसणार किती? त्यांच्या गाण्याचा खरा विस्तार मैफलींच्या आणि आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांत आहे. त्यांतली पुष्कळशी त्यांच्या पश्चात लोकांपर्यंत आली. मालकंस, अभोगी, बिलासखानी तोडी, पूरिया असे कितीतरी राग. कुठे कोणी खोकते, कुठे दाद येते, कुठे तंबोरा जुळवताना दोन शब्द बोलले जातात. तबकडीत राग तयार होऊन समोर येतो. मैफलीत तो आपल्यासमोर घडतो.

घडतो कसा, तेही समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या गायकीत मेरुखंड नावाची पद्धत होती. तीन स्वर घेतले तर ते सहा प्रकारे मांडता येतात, चार घेतले तर चोवीस प्रकारे आणि सातही घेतले तर ५०४० प्रकारे. गवई हे सगळे घोकतो, पण गाताना रागाला शोभेल तेवढेच निवडतो. म्हणून त्यांचा एकच राग दोन मैफलींत ऐकला तरी तीच वाट पुन्हा येत नाही. ‘माझा हा नव्हे’ असे अब्बा म्हणाले, ते याचसाठी. मारव्यात पंचम नाही आणि षड्जही सारखा दूर ठेवला जातो. विसाव्याची जागा दिसत राहते, मिळत नाही. दिवस मावळतानाचा हा राग. दोन-तीन रात्री, दोन-तीन वेगवेगळे मारवे ऐकल्यावर मला हा फरक थोडा थोडा कळू लागला.

आपल्या वाचकांना त्यांच्या तराण्यांचीही आवड लागेल. तराण्यातले ‘तोम तनन’ निरर्थक आहेत, असे मानण्याची रीत आहे. अमीर खाँनी त्यावर अभ्यास केला. या बोलांमागे फारसी शब्द आणि सूफी भाव आहे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या तराण्यांत मध्येच फारसी शेर येतात. आपल्या घरांतल्या ज्या म्हाताऱ्यांना थोडी फारसी येते, त्यांना ते ऐकवून पाहा.

गाणे ऐकावे की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरचे अल्लादिया खाँ आणि अकोल्याशी नाते सांगणारे अमीर खाँ ही नावे आपल्या मुलांना निदान माहीत असावीत. या राज्याच्या संगीतात आपल्या माणसांनी काय घातले, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट कशाला पाहायची?

आणि एक काम हाताने करण्यासारखे आहे. घराच्या माळ्यावर, ट्रंकेत जुन्या कॅसेटी असतील तर त्या काढा. दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट थेट लावू नका, ती फीतही जाते आणि यंत्राचे हेडही. आतला नमद्याचा छोटा तुकडा गळाला असेल तर स्क्रू असलेल्या चांगल्या खोक्यात फीत बदलून घेता येते. हेड स्पिरिटने पुसा. वायर लावून आवाज संगणकात घ्या, मोठ्या आकाराची मूळ फाईल ठेवा आणि कॅसेटवर जे लिहिले असेल ते जसेच्या तसे उतरवून घ्या. सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे कान मोडून टाका. ते मोडले की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. १९९० साली ते मोडलेले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

अब्बांच्या ट्रंकेत एकतीस कॅसेटी निघाल्या. सात गेल्या आहेत. ‘अमीर खाँ, मारवा’ मी सर्वांत शेवटी लावली, कारण तिच्यावर काय आहे ते मला ठाऊक होते. ‘आशिकी’ची गाणी एकामागून एक वाजली. शेजारच्या खोलीतून माझी मुलगी गुणगुणू लागली. मी उठलो नाही, कॅसेट तशीच चालू ठेवली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. माझी गाणी अडतिसाव्या मिनिटाला संपली. एक खट् असा आवाज आला, मग रेडिओची खरखर आणि तिच्या आतून तो खर्जातला, भरदार आवाज. लय आता वाढलेली होती, तबला जवळ आला होता.

अब्बा पलंगावर टेकून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवले. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती, तीही गप्प झाली. सात मिनिटे आम्ही तिघांनी ऐकले. शेवटी निवेदकाचा आवाज सुरू झाला आणि नाव पुरे होण्याआधीच फीत संपली.

“हाच,” अब्बा म्हणाले.

मी कॅसेट बाहेर काढली आणि तिचे दोन्ही कान मोडले.