फुलटोचे, बांडगुळाची फळे आणि छायाचित्राचा पुरावा

आंब्याच्या झाडावर वाढणारे बांडगूळ सर्वांच्या परिचयाचे आहे. हिवाळ्यात त्याच्या हिरव्या झुपक्यांत लालसर फळे दिसू लागली, की फुलटोचे या नावाने ओळखले जाणारे चिमुकले पक्षी त्यांवर वारंवार फेऱ्या घालू लागतात. गायक पक्ष्यांच्या मोठ्या गणातील हे पक्षी जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर लांबीचे असतात. अशा पक्ष्याचे फळाशेजारी बसलेले छायाचित्र मिळाले, म्हणजे तो बांडगुळाचा बीजप्रसारक असल्याचा पुरावा मिळाला, असे पुष्कळदा मानले जाते. वस्तुतः अशा चित्रावरून पक्षी आणि फळ एका वेळी एका जागी होते, एवढेच सिद्ध होते. पक्ष्याने फळ गिळले, सोलले की नुसते टोचून टाकले, हा खरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हा भेद महत्त्वाचा का, हे फळाच्या रचनेवरून ध्यानात येते. डेंड्रोफ्थो फाल्काटा या आपल्याकडील सामान्य बांडगुळाच्या फळात एकच बी असते व तिच्याभोवती अतिशय चिकट असा थर असतो. डॉ. सालिम अली यांनी कोकणातील या बीजप्रसाराविषयीचा आपला लेख १९३१ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या वेळी ही वनस्पती लोरँथस लाँगिफ्लोरस या नावाने ओळखली जाई. टिकेलचा फुलटोच्या लहान फळे सबंध गिळतो आणि काही मिनिटांतच चिकट बी विष्ठेवाटे फांदीवर सोडतो. जाड चोचीचा फुलटोच्या फळ चोचीत फिरवून गर खातो व बी जवळच्याच फांदीवर पुसून टाकतो. पहिल्या प्रकारात बी दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. दुसऱ्या प्रकारात तेच झाड पुन्हा ग्रासले जाण्याची. आमराईच्या मालकाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे. तथापि बी मोठी असल्यास टिकेलचा फुलटोच्याही ती पुसून टाकतो. म्हणजे केवळ जाती ओळखून कृतीचे अनुमान करता येत नाही. कृतीच टिपली पाहिजे.

भारतातील पक्षीछायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात घरट्यासमोर लपण उभारून चित्रे घेण्याची पद्धत रूढ होती. ई. एच. एन. लोथर यांचा १९४९ सालचा ग्रंथ त्या परंपरेतील आहे. पक्षी ठराविक बिंदूवर पुनःपुन्हा येतो, हा घरट्याचा लाभ होता. परंतु त्यामुळे पिलांच्या जिवाला धोका पोहोचे, व आज ही पद्धत योग्य मानली जात नाही. फळांनी लगडलेला झुपका तोच लाभ त्या धोक्यावाचून देतो. खालच्या फांदीवरील एक झुपका निवडावा, दूर बसून पक्ष्याच्या येण्याजाण्याच्या वाटा प्रथम नुसत्या पाहाव्यात आणि मगच कॅमेरा मांडावा. या पूर्वनिरीक्षणाचा कंटाळा करणाऱ्यास पुढील श्रमांचे फळ क्वचितच मिळते.

अंतराचा प्रश्न मात्र गणिताने सोडवावा. ४०० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाने आठ मीटरांवरून घेतलेल्या चित्रात आठ सेंटिमीटरांचा पक्षी संवेदकावर सुमारे ४ मिलिमीटर आणि एक सेंटिमीटरचे फळ अर्धा मिलिमीटर उमटते. एवढ्याशा ठिपक्यात फळाची साल फाटली आहे की नाही, हे ठरविणे दुरापास्त. चार मीटरांवर या आकृती दुपटीहून थोड्या मोठ्या होतात. परंतु एफ ८ एवढे छिद्र ठेवले, तरी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सुमारे १९ सेंटिमीटरांवरून ५ सेंटिमीटरांच्या आत येते. म्हणून पक्षी भिंगाच्या अक्षाला काटकोनात, बाजूने दिसेल अशीच जागा निवडावी लागते. बाजूच्या दर्शनाचा आणखी एक उपयोग आहे. टिकेलच्या फुलटोच्याची बारीक, फिक्या मांसवर्णाची चोच आणि दुसऱ्याची आखूड, जाड, निळसर-करडी चोच ही ओळखीची मुख्य खूण होय. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व दोन्ही चोची सारख्याच काळ्या उमटतात. तेथे प्रकाश एक ते दीड टप्पा वाढवून घेणे आवश्यक ठरते.

बी पुसताना चोचीचा वेग सेकंदाला एक मीटर मानला, तर एक सहस्रांश सेकंदात ती एक मिलिमीटर सरकते. चार मीटरांवरून ही हालचाल संवेदकावर दशांश मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे उघड पुसटपणा आणण्याइतकी असते. शटरचा वेग त्याच्या चौपट ठेवल्यास ती सह्य मर्यादेत येते. अर्थात एकट्या चित्रावर विसंबू नये. फळ तोडणे, चोचीतील हाताळणी आणि त्यानंतरची कृती अशी सलग मालिका, प्रत्येक चित्राच्या वेळेसह जतन करावी. सुंदर चित्र ठेवून मधली 'बिघडलेली' चित्रे पुसून टाकण्याची सवय संशोधनाला घातक आहे.

फळांची तोडलेली फांदी आणून सोयीच्या जागी बांधणे हा प्रकार अलीकडे बराच फैलावला आहे. असे चित्र भिंतीवर शोभेल. पुरावा म्हणून ते निरुपयोगी, कारण फळाची निवड पक्ष्याने नव्हे तर छायाचित्रकाराने केलेली असते. चित्राखालील ओळ लिहितानाही सावधगिरी हवी. निलगिरीतील काही बांडगुळांची फुले आणि फळे दिसण्यात परस्परांशी मिळतीजुळती असतात व एकच फुलटोच्या त्यांचे परागण आणि बीजप्रसार अशी दोन्ही कामे करतो, हे प्रिया दविदार यांनी १९८३ साली 'बायोट्रॉपिका'त दाखविले. तेथे 'फळ खाताना' म्हणून नोंदलेला पक्षी प्रत्यक्षात मकरंद घेत असू शकेल.

पक्षी उडून गेल्यावर कॅमेरा लगेच आवरू नये. बांडगुळाच्या बीला अंकुर निर्जीव तारेवरसुद्धा फुटतो. परंतु योग्य फांदीत चूषक शिरला नाही, तर रोप मरते. म्हणून फांदीवर चिकटलेल्या बीचे जवळून चित्र घ्यावे, फांदीला खूण बांधावी आणि पुढील महिन्यांत त्याच अंतरावरून व त्याच कोनातून पुन्हा चित्रे घेत जावीत.