स्फटिकाकडून रेषांकडे, आणि परत?

मिठाचा दाणा भिंगाखाली धरला तर त्याचा घनाकार दिसतो. आतले सोडियम आणि क्लोराइड आयन मात्र दिसत नाहीत. शेजारच्या दोन आयनांमधले अंतर ०.२८२ नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. तरी पाठ्यपुस्तकातल्या चित्रात कोणता आयन कुठे बसतो ते ठामपणे रंगवलेले असते. ‘‘सर, हे कोणी पाहिलं?’’ असे वर्गात कोणी विचारले तर काय सांगाल? आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अणूंच्या रांगा टिपता येतात, पण ही रचना लॉरेन्स ब्रॅग यांनी मांडली १९१३ साली, आणि तेव्हा ती कोणीही पाहिलेली नव्हती. त्यांनी तिचा अंदाज केला, हिशोब केला आणि तो प्रयोगाशी ताडून पाहिला. आज हेच काम संगणकाचा प्रोग्रॅम करतो. तो नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, ते पाहू.

मिठाच्या बारीक पुडीवर तांब्यापासून मिळणारे क्ष-किरण (तरंगलांबी ०.१५४१ नॅनोमीटर) सोडले, तर ते ठरावीक कोनांतच जोरात परततात. आयनांच्या समांतर थरांवरून येणाऱ्या लाटा एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून आल्या तरच हे घडते. त्यासाठी थरांमधल्या अंतराची दुप्पट गुणिले कोनाचा साइन हे तरंगलांबीएवढे असावे लागते. कोन आणि तीव्रता यांचा आलेख काढला की मधूनमधून सुळके उभे राहतात. पूर्वी फिल्मवर त्यांच्या रेषा उमटत, म्हणून आम्ही अजूनही सवयीने ‘रेषा’च म्हणतो.

प्रोग्रॅमला आपण पेशीची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याची, लांबी-रुंदी सांगतो आणि कोणता अणू कुठे आहे तेही सांगतो. पेशीच्या मापांवरून थरांमधली अंतरे निघतात व त्यांवरून रेषांच्या जागा. मिठाची पेशी ०.५६४ नॅनोमीटरची. तिच्यात ‘१११’ या थरांमधले अंतर ०.३२५६ येते आणि कोन १३.७ अंश. ‘२००’ थरांचे अंतर ०.२८२, कोन १५.९ अंश. (यंत्र याच्या दुप्पट कोन नोंदवते.) एवढे गणित अकरावीचा विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर करील.

रेषांची उंची मात्र कोणता अणू कुठे आहे यावर ठरते, आणि खरी गंमत तिथे आहे. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. सोडियम आयनात १० इलेक्ट्रॉन, क्लोराइडमध्ये १८. ‘२००’च्या प्रत्येक थरात दोन्ही आयन असल्याने त्यांच्या लाटांची बेरीज होते: २८. ‘१११’ दिशेने मात्र एक थर निव्वळ सोडियमचा, बरोबर मध्यावर निव्वळ क्लोराइडचा. त्यांच्या लाटा उलट पडतात आणि वजाबाकी होते: ८. तीव्रता वर्गाच्या प्रमाणात असल्याने ६४ विरुद्ध ७८४. इतर बारकावे धरले तरी पहिली रेषा दुसरीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचीच राहते.

आता सोडियमच्या जागी पोटॅशियम घाला. पोटॅशियम आयनातही इलेक्ट्रॉन १८! वजाबाकी जवळजवळ शून्य, ‘१११’ची रेषा गायब. आणि इथेच सावध व्हायला हवे. समजा कोणी प्रोग्रॅमला सांगितले, की पोटॅशियम क्लोराइडची पेशी निम्म्या लांबीची (०.३१५ नॅनोमीटर) असून तिच्या कोपऱ्यांवर १८ इलेक्ट्रॉनांचा एकच अणू बसला आहे. ही रचना साफ खोटी, पण आलेख जवळपास तोच येतो. ब्रॅग या फसवणुकीतून सुटले ते मीठ, पोटॅशियम क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड शेजारी शेजारी ठेवून.

स्फटिकाकडून रेषांकडे जाणारी वाट अशी सरळ आहे. उलट वाट तशी नाही. यंत्र तीव्रता मोजते. कोणती लाट किती पुढे-मागे होती, म्हणजे तिची कला, ते मोजत नाही. म्हणून रचनेचा अंदाज बांधायचा, रेषा काढायच्या, फरक पाहायचा, अंदाज थोडा हलवायचा. नेदरलँड्समधल्या पेटेन येथे ह्यूगो रीटवेल्ड यांनी एकेक रेषा सुटी न करता सबंध आलेखच बिंदूगणिक जुळवण्याची रीत बसवली. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९६९चा. ‘फुलप्रोफ’, ‘जीसास’ हे आजचे प्रोग्रॅम याच रीतीवर चालतात.

संशोधन-विद्यार्थी असताना शिसे आणि टायटॅनियमच्या एका ऑक्साइडचा आलेख मी असाच जुळवला होता. मोजलेली आणि काढलेली वक्ररेषा एकमेकींवर चपखल बसल्या, मी खूश! मार्गदर्शकांनी आलेखाकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘‘टायटॅनियम-ऑक्सिजन अंतर किती आलं?’’ आले होते ०.१४ नॅनोमीटर. ते ०.२च्या आसपास हवे. इतके जवळ हे अणू येतच नाहीत. शिशाच्या ८२ इलेक्ट्रॉनांपुढे ऑक्सिजनच्या ८ इलेक्ट्रॉनांचा आवाज क्ष-किरणांना ऐकूच येत नाही. तेव्हा प्रोग्रॅमने ऑक्सिजन कुठेही सरकवला तरी आलेखाला त्याची फारशी दाद नव्हती. दोन महिन्यांचे काम पुन्हा केले, आणि या वेळी आधी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले.

शाळेत संगणक असेल तर हे करून पाहता येते. ‘व्हेस्टा’ हा प्रोग्रॅम शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे आणि स्फटिकरचनांच्या फाइली ‘क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस’मध्ये खुल्या आहेत. मिठाची फाइल उघडा, रेषा काढा; मग पेशी तीच ठेवून सोडियमच्या जागी पोटॅशियम लिहा आणि पहिल्या रेषेवर नजर ठेवा. नंतर क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन निवडा. न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांवरून नव्हे तर अणुकेंद्रांवरून विखुरतात. क्लोरीनचे केंद्र त्यांना ९.५८ एकक जोराने विखुरते, पोटॅशियमचे ३.६७, त्यामुळे हरवलेली रेषा परत येते. सोडियमचा आकडा मात्र ३.६३. म्हणजे क्ष-किरणांना सहज ओळखू येणारे सोडियम आणि पोटॅशियम न्यूट्रॉनांना जवळजवळ सारखेच वाटतात. असे का होते, ते विद्यार्थ्यांनाच आकडे वजा करून शोधू द्या.