वचन आणि फळबाग

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आपल्या अनेक मंडळ्यांत नव्या वर्षासाठी वचनाचं कार्ड घेतात. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन हाती आलं की चेहरे खुलतात: देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत, पुढे आशा आहे. मलाही ते फार प्रिय आहे. म्हणूनच ते एवढं एकच वाचून कार्ड बायबलात ठेवून दिलं जातं, याची खंत वाटते.

ते वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असं सांगतो. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र सत्तर वर्षं सांगतो. पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता, आणि तरीही त्यांना आज्ञा होती की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वचनावर विसंबणं म्हणजे काय, हे मला या आज्ञांतून कळतं. वचन दूरचं आहे आणि काम आजचं आहे.

आपल्या मातीत हे सर्वांत ठसठशीत दिसतं ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले, पाठोपाठ बहीणही. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. त्यासाठी अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत देऊ केली होती. ही मुदत संपणार हे ओळखून त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावली, की पुढे तिच्या उत्पन्नावर सदन चालावं. देवावर भरवसा आणि जमाखर्चाची काळजी या दोन गोष्टी त्यांच्या लेखी विरोधी नव्हत्या.

झाडं उत्पन्न देऊ लागेपर्यंत मात्र दुष्काळ थांबला नाही. १८९६-९७मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हाती पुरेसा निधी नसताना त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या आणि केडगावी मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या वर गेली. ब्रिस्टलला अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. माणसांपुढे हात न पसरता देवाजवळ मागण्याची त्यांची रीत रमाबाईंच्या मनात घर करून होती. पण मुक्तीत प्रार्थनेबरोबर विणकाम होतं, शेती होती, छापखाना होता.

याच छापखान्यात त्यांचं मराठी बायबल छापलं गेलं. साध्या बायांना कळेल अशा मराठीत ते आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४मध्ये. विश्वास ठेवला की घरातलं संकट टळतं, असं शिकवणाऱ्यांनी ही तीन सालं एकदा ओळीने वाचावीत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातली विश्वासू माणसंसुद्धा वचनाचं फळ हाती न लागताच मरतात.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी. त्यांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने देवाचा दरबार सुरू केला. त्यांच्या भजनांनी आपल्या किती पिढ्यांचा विश्वास सावरला! मात्र पैसा हातात न टिकवणाऱ्या या भक्ताचा संसार चालवला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांचं ख्रिस्तांतर त्यांना आधी मुळीच मान्य नव्हतं, आणि काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे वचन स्वीकारलं ते स्वतः विचार करून. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते: एकाच्या भरवशाचा भार घरातलं दुसरं कुणी तरी वाहत असतं, आणि त्याचाही तो विश्वासच असतो. आपल्या साक्षींच्या सभांत हे दुसरं माणूस क्वचितच बोलायला उभं राहतं. त्याला आधी बोलू द्यावं, असं मला वाटतं.